ऑम्लेट, काकडी आणि १ लाख ३१ हजार माणसं

१९९७च्या जुलैमध्ये कोलकात्याच्या मोहन बागान या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक अमल दत्त यांनी शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालच्या खेळाडूंची बारशी उरकायला घेतली होती. केनियाचा बचावपटू सॅमी ओमोलो झाला ‘ऑम्लेट’. सोसोचं झालं ‘शोशा’, म्हणजे बंगालीत काकडी. आणि वीस वर्षांचा भायचुंग भुतिया ‘चुंगचुंग’. वर्तमानपत्रांना एवढं पुरेसं होतं. १३ जुलैला फेडरेशन कप या राष्ट्रीय स्पर्धेत या दोन क्लबांच्या उपांत्य सामन्यासाठी सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सुमारे १ लाख ३१ हजार माणसं जमली. भारतीय फुटबॉलमधला गर्दीचा हा विक्रम आजही मोडलेला नाही. एरवीही डर्बीला, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्याला, गर्दी होतेच, पण त्या दिवशी लोक आले ते दोन क्लबांइतकेच दोन म्हाताऱ्यांसाठी. दुसऱ्या बाजूच्या बाकावर होते प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सगळ्यांचे पीके.

प्रशिक्षकाच्या बोलण्याला एवढं वजन आलं कसं, हे समजायला हैदराबादला जावं लागतं. तिथले प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या जुन्या प्रेक्षकांना वेगळं सांगायला नको. भारताला आशियाई स्पर्धेची दोन सुवर्णपदकं, १९५१ आणि १९६२ची, त्यांच्याच हाताखाली मिळाली. जकार्तातल्या १९६२च्या अंतिम सामन्यात सगळं स्टेडियम भारताविरुद्ध ओरडत होतं, जर्नैलसिंग डोक्याला जखम घेऊन खेळत होता, आणि रहीम कर्करोगाने खंगलेले. भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवलं. पहिला गोल पीकेंचा, दुसरा जर्नैलचा. वर्षभराच्या आत रहीम गेले. खेळाडूला त्याच्या पायांआधी मनातून उभा करायचा, हे पीके त्यांच्याकडूनच शिकले असं मला वाटतं.

पीकेंची आणखी एक गंमत. हा माणूस कोलकात्याच्या या दोन मोठ्या क्लबांकडून कधी खेळलाच नाही. सगळी उमेद ईस्टर्न रेल्वेच्या जर्सीत गेली. त्यामुळे प्रशिक्षक म्हणून तो दोन्हीकडे जाऊ शकला आणि दोन्हीकडे आपला ठरला. ईस्ट बंगाल म्हणजे फाळणीत पूर्वेकडून आलेल्यांचा क्लब, मोहन बागान इथल्या मूळ रहिवाशांचा. जिंकल्यावर एकीकडे हिल्सा शिजतो, दुसरीकडे कोळंबी. अशा शहरात १९७५च्या आयएफए शील्ड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पीकेंच्या ईस्ट बंगालने बागानला ५-० झोडपलं. तो अपमान सहन न होऊन बागानच्या एका तरुण चाहत्याने जीव दिला. आणि पुढच्याच वर्षी पीके बागानच्या बाकावर! १९७६च्या कोलकाता लीगमधल्या डर्बीत महंमद अकबरने सतराव्या सेकंदाला गोल केला आणि ईस्ट बंगालची सहा वर्षांची सद्दी संपली. ज्याच्या नावाने काल बोटं मोडली, त्याच्या नावाने आज जयजयकार.

पीकेंच्या सामन्याआधीच्या बोलण्याला पत्रकारांनी नाव दिलं होतं ‘व्होकल टॉनिक’. आई, क्लबची जर्सी, देश, गेल्या वेळचा अपमान, ज्या खेळाडूला जे लागू पडेल ते. थोडं नाटकी होतं, यात शंका नाही. पण ते ड्रेसिंग रूमच्या दाराआड चालायचं आणि ऐकणारे त्यांचेच खेळाडू असायचे.

अमल दत्तांचा पिंड निराळा. स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचे धडे घेतले, परतल्यावर प्रोजेक्टर घेऊन गावोगावी फुटबॉलच्या फिल्म दाखवत फिरले. तबलाही वाजवायचे. १९६९मध्ये बागानच्या बगलेच्या बचावपटूंना त्यांनी चढाईसाठी पुढे धाडलं, तेव्हा इथे ते नवलच होतं. डोकं तल्लख, पण जिभेला हाड नाही. आपण काळाच्या पुढे आहोत आणि लोकांना कळत नाही, ही सल त्यांच्या प्रत्येक शेऱ्यात डोकावायची.

१९९७ची त्यांची ‘डायमंड’ रचना मधल्या फळीला हिऱ्यासारखी मांडणारी, चढाईवर भर देणारी. उपांत्यपूर्व फेरीत गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा तिने ६-० फडशा पाडला, तेव्हा थट्टा थट्टा वाटत नव्हती, भाकीत वाटत होती. पण ती थट्टा झोंबली नेमकी ज्यांना झोंबायला नको त्यांना. पीकेंना वेगळं टॉनिक घोटायची गरजच उरली नाही; वर्तमानपत्रातली ती नावंच पुरेशी होती. निकाल ४-१. नाझिमुल हकचा पहिला गोल, बागानकडून चिमा ओकोरीचा एकमेव, आणि बाकी तीन ‘चुंगचुंग’चे.

त्या दिवसापासून हा सामना ‘स्वभावाचा विजय’ म्हणून सांगितला जातो. मला ते अर्धंच पटतं. पुढे सरसावलेल्या संघाच्या मागे मोकळी जागा राहते, आणि भायचुंगसारखा चपळ आघाडीवीर समोर असेल तर ती जागा कुणाच्याही भाषणाशिवाय महागात पडते. दत्तांचा हिरा खोटा नव्हता. मात्र त्यांनी आपल्या स्वभावाने एक लाखाहून अधिक माणसं त्या मैदानावर खेचली, हे श्रेय पीकेंचं नाही, त्यांचंच.

गोव्यात हे नाट्य इतकं का रंगलं नाही? साळगावकर, धेंपो हे क्लब खाणमालक घराण्यांचे. प्रशिक्षकाने मालकाला पटवलं की झालं. धेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे आर्मांदो कुलासो २०१३मध्ये ईस्ट बंगालला गेले, तेव्हा प्रत्येक बरोबरीचा जाब विचारणारं अख्खं शहर त्यांच्या समोर होतं.

बागानने त्याच मोसमात, १९९७-९८ची राष्ट्रीय लीग जिंकली, पण बाकावर दत्त नव्हते, केरळचे टी. के. चातुन्नी होते. आणि त्या फेडरेशन कपचं म्हणाल, तर अंतिम सामन्यात साळगावकरने ईस्ट बंगालला २-१ हरवलं आणि कप गोव्याला नेला. कोलकात्यात मात्र आजही कुणी त्या वर्षाची गोष्ट काढली, तर ती उपांत्य फेरीपाशीच थांबते.