.२५, .३२ की .३८०? खिशातल्या पिस्तुलाचा बोर बदलण्यामागची गोष्ट

ठाणे, कल्याण, वाशी, पनवेल या पट्ट्यातल्या परवानाधारकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो: घरात जुने .२५ चे छोटे पिस्तूल आहे, ते .३२ करून घेता येईल का? (हे आकडे म्हणजे बोर, नळीच्या आतल्या व्यासाचे इंचातले ठोकळ माप.) कधी याच प्रश्नाचे दुसरे रूप असते. .३२ आहे, ते .३८० करता येईल का? स्वसंरक्षणासाठी थोडे दमदार काडतूस हवे, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण तिच्या मुळाशी पिस्तुलाच्या यंत्रापेक्षा बाजार आणि कागद जास्त आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद झाली. त्याआधी आलेली पिस्तुलेच तेव्हापासून हातोहात फिरत राहिली, वडिलांकडून मुलाकडे आली. .३२ ची काडतुसे आपल्या खडकीत बनतात. पेंद्यावरचे ‘केएफ’ हे शिक्के तिथलेच. .२५ चे तसे नाही, ती शोधत फिरावी लागतात. म्हणून बोर बदलायची कल्पना सुचते.

तिन्ही काडतुसांचा जन्म दहा वर्षांच्या आतबाहेरचा. .३२ ऑटो १८९९ मध्ये आले, .२५ हे १९०५ मध्ये आणि .३८० हे १९०८ मध्ये. तिन्हींमागे एकच अमेरिकन रचनाकार होता. .२५ ची गोळी सुमारे ३.२ ग्रॅमची, .३२ ची ४.६ आणि .३८० ची ६.२. .३२ आणि .३८० यांच्या पितळी नळकांड्यांची लांबी सारखीच, १७.३ मिमी. त्यामुळे कारखानदारांनी एकाच सांगाड्यावर दोन्ही बोर विकायला सुरुवात केली. बेल्जियममधल्या १९१० च्या मॉडेलमध्ये तर दोन बोरांत फरक मुख्यतः नळीचाच होता. ‘नळी बदलली की झाले’ ही समजूत तिथून आली असावी, आणि ती त्या मॉडेलपुरतीच खरी आहे.

.२५ चे .३२ करताना ती मुळीच लागू पडत नाही. .२५ चे नळकांडे १५.६ मिमी लांब आणि त्याची कड, म्हणजे मागच्या टोकाची चकती, ७.७ मिमी रुंद. .३२ ची कड ९.१ मिमी. म्हणजे मॅगझिन अरुंद पडते, स्लाइडचा (गोळी सुटल्यावर मागे सरकणाऱ्या वरच्या भागाचा) मागचा तोंडवळा लहान पडतो, एक्स्ट्रॅक्टर (रिकामे पितळ ओढून काढणारा हुक) चुकीच्या जागी येतो आणि रिकामे पितळ बाहेर पडायची खिडकी अपुरी होते. जुन्या पिस्तुलातले शिल्लक राहते ते बहुतेक फक्त मूठ आणि क्रमांक.

.३२ चे .३८० कागदावर सोपे दिसते आणि फसगत तिथेच होते. ही जुनी छोटी पिस्तुले बहुतेक ब्लोबॅक पद्धतीची असतात. गोळी सुटताना स्लाइडला कुलूप बसत नाही. तिचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच मागचे तोंड क्षणभर बंद राहते. गोळी दीड ग्रॅमने जड झाली की स्लाइड जास्त वेगाने मागे येते. पितळ लवकर उघडे पडून फुगते किंवा फाटते, सांगाड्याला चरे जातात. नळीच्या भिंतीतून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर जातो तो वेगळाच. शिवाय .३२ चेंबरमध्ये (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेत) कडेवर टेकते आणि .३८० तोंडावर, म्हणजे टेकण्याची जागाच बदलते. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्यात लेथवर हात बसलेले कारागीर कमी नाहीत, पण कारखान्यातून निघणाऱ्या पिस्तुलाची होते तशी जादा दाबाची चाचणी त्या लेथवर होत नाही.

काही जण बोर बदलायला निघतात ते .३२ पिस्तूल अडकते म्हणून. .३२ ऑटोची कड नळकांड्यापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. आखूड नाकाची गोळी असेल तर मॅगझिनमध्ये पुढे-मागे जागा राहते, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे सरकते आणि सगळे ठासून बसते. हा दोष बहुधा काडतुसाच्या लांबीचा असतो, बोराचा नसतो.

आता खरा गुंता. १९५९ चा शस्त्र कायदा ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला आणि त्यासोबतच्या नियमांनी शस्त्रांचे वर्ग पाडले. बोलीत आपण ‘पीबी’ आणि ‘एनपीबी’ म्हणतो, प्रतिबंधित आणि अप्रतिबंधित बोर. यादीतले एक कलम तेव्हापासून वादाचे आहे. त्यानुसार .३८० किंवा .४५५ ची कडवाली काडतुसे, अथवा सैन्याची ९ मिमी किंवा .४५ ची बिनकडेची (कड नळकांड्याबाहेर न आलेली) काडतुसे ज्यात ‘बसू आणि सुटू शकतात’ असे कोणत्याही बोराचे पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात जाते.

शब्द नीट वाचा. .३८० कडवाले म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या १९३० च्या दशकातल्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस. त्याचे नळकांडे सुमारे १९.७ मिमी लांब आणि ९.८ मिमी जाड. खिशातल्या पिस्तुलाचे .३८० ऑटो बिनकडेचे, १७.३ मिमी लांब आणि साडेनऊ मिमी जाड. नाव एक, वस्तू दोन. .३८० ऑटोच्या चेंबरमध्ये ते कडवाले काडतूस शिरतच नाही. सैन्याच्या ९ मिमी काडतुसाचे नळकांडे १९ मिमी लांब, ते घातले तर स्लाइड बंद होत नाही. अक्षरशः पाहिले तर .३८० ऑटो या कलमात अडकत नाही, असे म्हणायला भरपूर जागा आहे. पण दुसरी बाजूही तितकीच ठाम असते. .३८० ऑटोचे युरोपीय नावच ‘९ मिमी शॉर्ट’. परवान्यावर ‘९ मिमी’ किंवा ‘.३८०’ लिहिलेले दिसले की टेबलावरचा माणूस आकडा वाचतो, कड मोजत नाही. कलम चेंबरमध्ये काय बसते याबद्दल बोलते आणि परवान्याच्या रकान्यात फक्त आकडा असतो. भांडण या दोहोंच्या मधले आहे.

असाच घोळ .३२ चा. रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग हे कडवाले, २३ मिमीहून लांब, पिस्तुलाचे .३२ ऑटो वेगळेच. गनहाउसमध्ये ‘.३२ ची पन्नास द्या’ एवढेच म्हटले तर समोरून ‘रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?’ हा प्रश्न येतो, तो याचसाठी.

.३८० ऑटो कायद्याच्या कसोटीला उतरते असे मानले, तरी बदल करून घेण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवणे आणि विकणे यांच्या रांगेतच ‘रूपांतर’ आणि ‘दुरुस्ती’ हे शब्द आहेत. दोन्हींना त्या कामाचा स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगायचा परवाना तिथे उपयोगाचा नाही. सुटी नळीसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचा भाग आहे. त्यामुळे परदेशातून मागवलेली नळी न्हावा-शेव्यात किंवा विमानतळावर उघडली गेली तर ती शस्त्राची आयात ठरते, ‘स्पेअर पार्ट’ नव्हे.

२०१६ मध्ये नवे नियम आले, पण सर्वात मोठा फरक डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने पडला. कलम ६ पूर्वी नळी आखूड करणे आणि नकली शस्त्राचे खरे करणे यापुरते होते. आता नियमांतल्या एका वर्गातून दुसऱ्या वर्गात शस्त्र नेणेही त्यात आले. .३२ वरून सैन्याच्या ९ मिमीकडे जाणारा बदल थेट त्यात सापडतो. शिवाय त्या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला सुमारे ३५,००० पौंड, .३८० चा २१,५०० च्या आसपास. ब्लोबॅक खिसा-पिस्तुलात तो पेलणारच नाही. .२५ चे .३२ हा बदल वर्ग ओलांडत नाही, म्हणून कलम ६ टळू शकते, कलम ५ टळत नाही. दोन्हींची शिक्षा आता किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. आधी ती ३ ते ७ वर्षे होती. त्याच दुरुस्तीने एका परवान्यावरची शस्त्रे ३ वरून २ वर आली आणि परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली.

निवडणूक आली की बरीच शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि तेव्हा क्रमांक व बोर परवान्याशी ताडले जातात. .२५ च्या नोंदीसमोर .३२ ची नळी निघाली, तर ‘दुरुस्ती करून घेतली’ हे उत्तर पुरत नाही. ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांच्या हद्दीत परवान्याचे काम पोलीस आयुक्तांकडे, तर मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे; अर्ज चुकीच्या दारात गेला की महिने जातात.

सरळ वाट कंटाळवाणी आहे. जुने .२५ परवानाधारक विक्रेत्याला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचे. दुसऱ्या व्यक्तीला विकायचे असेल तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबायचे, परवान्यावरची नोंद कमी करून घ्यायची आणि मग .३२ घ्यायचे. सरकारी कारखान्यांत .३२ पिस्तुले बनतात. २०१४ मध्ये कानपूरहून अर्ध्या किलोच्या वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हरही बाजारात आले. त्याची किंमत लाखाच्या वर होती, आणि लेथवाल्याकडे जाण्याचा मोह अनेकांना नेमका तो आकडा ऐकल्यावर झाला.