मेगाकॅरिओसाइटमधील थ्रॉम्बिन-ग्राही

रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट या रक्तातील कणिका अस्थिमज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट या अजस्र पेशींपासून बनतात. थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे विकर इतर प्रथिने कापते, म्हणजे ते एक प्रोटिएज आहे. प्लेटलेटला त्याची चाहूल देणारे प्रोटिएज-सक्रियित ग्राही, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर संदेश टिपणारी ‘पार’ गटातील प्रथिने, याच पेशीत तयार होतात. मानवी प्लेटलेटवर पार-१ आणि पार-४ असे दोन ग्राही असतात.

या ग्राहींची कार्यपद्धती विलक्षण आहे. एरवी ग्राहीला बाहेरून आलेला रेणू चिकटतो, तेव्हा पेशीला संदेश मिळतो. पार-१ मध्ये मात्र थ्रॉम्बिन ग्राहीचे बाहेरचे टोक ४१ व्या स्थानावरील आर्जिनीन या अमिनो आम्लानंतर कापते. उघडे पडलेले नवे टोक त्याच ग्राहीत जाऊन बसते आणि त्याला चालना देते. काडेपेटीतल्या काडीप्रमाणे ग्राही एकदाच पेटतो. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने वापरलेल्या ग्राहींची भरपाई तिला जवळपास करताच येत नाही. सात ते दहा दिवसांच्या आयुष्यात तिला पुरणारा साठा मज्जेतच भरून द्यावा लागतो, म्हणून या ग्राहींचा विचार मेगाकॅरिओसाइटपासूनच सुरू करायला हवा.

ग्राहीचा शोधही याच पेशींच्या आधारे लागला. प्लेटलेटमध्ये आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप वाहणारा रेणू, अत्यल्प असतो. त्यामुळे शॉन कॉफलिन या अमेरिकी संशोधकाच्या गटाने मेगाकॅरिओसाइटसदृश पेशींचा आरएनए बेडकाच्या अंडपेशींत घालून १९९१ मध्ये पार-१ चे जनुक वेगळे केले. पार-४ ची ओळख १९९८ मध्ये पटली. पार-१ थोड्या थ्रॉम्बिननेही चटकन जागा होतो. पार-४ ला जास्त थ्रॉम्बिन लागते, पण त्याचा संदेश अधिक काळ टिकतो.

प्रयोगशाळेत पृष्ठभागावर सीडी३४ ही प्रथिनाची खूण असलेल्या मूलपेशींना थ्रॉम्बोपोएटिन हे वाढीचे संप्रेरक देऊन मेगाकॅरिओसाइट वाढवतात. आधी सीडी४१ आणि पुढे सीडी४२बी या खुणांवरून पेशी किती परिपक्व झाली ते कळते. थ्रॉम्बिन दिल्यावर पेशीतील कॅल्शियम उसळले, तर ग्राही नुसता पेशीपटलावर नसून कामही करतो हे सिद्ध होते. केवळ आरएनए मोजून हे कळत नाही.

नवजात बाळाचे मेगाकॅरिओसाइट आकाराने लहान असतात आणि त्यांत गुणसूत्रांचे संचही कमी असतात. बाळाच्या प्लेटलेटवर पार-१ कमी आढळतो, त्यामुळे त्या थ्रॉम्बिनला मंद प्रतिसाद देतात. तरीही निरोगी बाळाला रक्तस्राव होत नाही. रक्तातील तांबड्या पेशींचे जास्त प्रमाण आणि प्लेटलेटना चिकटायला मदत करणारे मुबलक फॉन विलेब्रांड घटक हे प्रथिन ही उणीव भरून काढतात.

उंदरांवरील निष्कर्ष इथे जपून वापरावे लागतात. त्यांच्या प्लेटलेटवर पार-१ नसतोच. पार-३ आणि पार-४ असतात, आणि पार-३ मुख्यतः पार-४ ला मदत करतो. त्यामुळे पार-१ रोखून रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या व्होरापॅक्सार या औषधाची परीक्षा माकडांवर घ्यावी लागली. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पूर्वी पक्षाघात झालेल्या रुग्णांना मात्र, मेंदूत रक्तस्राव होण्याच्या धोक्यामुळे, ते देत नाहीत.