ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर अर्ज कुठे करायचा?

चंदगडचा सेंट्रिंगवाला बेळगावात स्लॅब भरतो, खानापूरची पोरं गोव्यात हॉटेलात राबतात, बीडकडची कोयता-जोडी अथणी-चिकोडीच्या उसात उतरते. पैसे अडकले की सगळ्यांना एकच कोडं पडतं: गाव एका राज्यात, काम दुसऱ्या, मग जायचं कुठं? काम जिथं केलं, तिथल्या कामगार खात्याच्या कार्यालयात. आधारवर पत्ता कोल्हापूर जिल्ह्याचा असला तरी बेळगावातल्या मजुरीचा अर्ज बेळगावातच.

वेतन संहिता, म्हणजे मजुरीबाबतचा केंद्राचा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार मजुरी थकल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा करता येतो. काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर त्यानंतर कामकाजाच्या २ दिवसांत हिशेब चुकता व्हायला हवा. अर्ज मजूर स्वतः करू शकतो, किंवा तो सभासद असलेली नोंदणीकृत युनियन. एकाच ठिकाणचे दहा जण असतील तर दहा अर्ज कशाला? एकच चालतो.

आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स लागेलच. खरी अडचण पुढं असते: "आमच्याकडं कागदच नाही हो." मजुरी दिली हे सिद्ध करायचं ओझं कायद्यानं मालकावर टाकलंय, तुमच्यावर नाही. पण तुम्ही तिथं कामाला होता एवढं तरी दिसायला हवं. भिंतीवरच्या कॅलेंडरात हजेरीला टिक, खाड्याला फुली, शनिवारी मिळालेले ५०० खाली बारीक अक्षरात, असं पान असेल तर ते फाडून टाकू नका. "उद्या आठला या" हा ठेकेदाराचा व्हॉट्सअॅप मेसेज, फोनपेची नोंद, साइटवरचा फोटोही जोडा. उचल घेतली असेल तर ती स्वतःहून लिहा. लपवली की समोरचा तीच आधी काढतो.

अर्जात फक्त ठेकेदाराचं नाव घालून लोक फसतात. ठेकेदार मोबाईल बंद करून गायब होतो. त्यानं मजुरी दिली नाही तर ती द्यायची जबाबदारी ज्याचं काम चाललंय त्या मूळ मालकावर येते, म्हणून दोघांची नावं, पत्ते घाला.

अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतला असेल तर अंगठा उठवण्याआधी कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, आकडे विशेषतः. वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर मदत मागता येते. आणि शिक्का-तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.