टेप ड्राइव्ह बसवताना आणि रोज वापरताना : आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार. तुम्ही आमच्याकडून एलटीओ-८ चा (एलटीओ जातीच्या टेपेची आठवी पिढी) टेबलावर ठेवायचा टेप ड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरचा बॅकअप चुंबकीय पट्टीच्या कॅसेटवर लिहिणारं यंत्र, घेतलाय. त्याच्यासोबत कंपनीचं जाडजूड मॅन्युअल येतं, पण कामाच्या गडबडीत ते उघडायला कुणाला वेळ नसतो, म्हणून ग्राहक आम्हाला फोनवर जे जे परत परत विचारतात ते सगळं इथे आपल्या भाषेत लिहिलंय. ड्राइव्हच्या बॉक्समध्येच ठेवा हा कागद, किंवा सर्व्हरच्या शेजारी भिंतीला चिकटवा.

आधी एक प्रश्न, कारण तो सगळेच विचारतात. क्लाऊड आहे, स्वस्तात हार्डडिस्क मिळते, मग टेप कशाला, ती तर जुनी वस्तू? जुनी आहे हे खरंय, कॉम्प्युटरला टेप १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. पण २०११ च्या फेब्रुवारीत सॉफ्टवेअर अपडेटमधल्या एका बगमुळे काही लोकांचं जीमेल रिकामं दिसायला लागलं, डेटाच्या इतर कॉप्यांनाही तोच बग लागला होता, तेव्हा गूगलने त्या मेल टेपवरून परत आणल्या. कारण साधं आहे, टेप कशालाच जोडलेली नसते. रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला की तो कॉम्प्युटर तर लॉक करतोच पण नेटवर्कवरचा नॅस (सगळ्यांच्या फाइली ठेवायचा डिस्कचा डबा), यूएसबीला लावून ठेवलेली हार्डडिस्क, जे जे त्याच्या हाताला लागेल ते सगळं लॉक करतो. कपाटात ठेवलेल्या टेपपर्यंत तो पोचूच शकत नाही. फक्त ती खरंच कपाटात पाहिजे, ड्राइव्हमध्ये नको.

बसवताना

ड्राइव्ह यूएसबीवर चालत नाही, त्याला सॅस (सर्व्हरला डिस्क आणि टेप जोडायची पद्धत) कनेक्शन लागतं. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये सॅसचं कार्ड बसवावं लागतं, मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट रिकामा आहे का ते आधी बघून ठेवा, नुसता फोटो काढून पाठवलात तरी आम्ही सांगतो. महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरमध्ये आधीपासून रेड कार्ड (अनेक हार्डडिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असेल तर त्यालाच ड्राइव्ह जोडायचा मोह होतो, तो टाळा. बरीच रेड कार्डं टेप ओळखतच नाहीत, आणि एखाद्याने ओळखली तरी मध्येच ड्राइव्ह गायब होण्याची भानगड सुरू होते. साधं, रेड नसलेलं सॅस कार्डच घ्या. केबल घेताना दोन्हीकडचं तोंड बघा, नवीन कार्डांचं तोंड वेगळं असतं आणि काही ड्राइव्हना अजून जुनं मोठं तोंड असतं, त्यामुळे दोन टोकांना दोन वेगळी तोंडं असलेली केबल लागू शकते.

जोडताना कॉम्प्युटर आणि ड्राइव्ह दोन्ही बंद पाहिजेत. केबल खट्ट आवाज येईपर्यंत बसवा, आधी ड्राइव्ह चालू करा, त्याची सेल्फ टेस्ट होऊ द्या, दिवा स्थिर झाला की मग कॉम्प्युटर चालू करा. हा क्रम उलटा झाला की कार्डाला ड्राइव्ह दिसत नाही आणि लोक ड्राइव्ह खराब आहे म्हणून फोन करतात, बऱ्याचदा नुसतं परत ह्या क्रमाने चालू केलं की काम होतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये टेप ड्राइव्ह असं वेगळं नाव दिसलं पाहिजे, मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका.

जागा निवडताना जमिनीवर ठेवू नका, झाडू मारताना उडणारी धूळ पंख्याने थेट आत ओढली जाते आणि आतलं हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) फार नाजूक असतं. प्रिंटरच्या शेजारीही नको, टोनरची आणि कागदाची पूड. मागे आणि पुढे हवा खेळायला जागा सोडा. अर्थिंग तपासून घ्या आणि ड्राइव्ह यूपीएसवरच लावा, स्टॅबिलायझर पुरेसा नाही, कारण लिहिणं चालू असताना लाइट गेली तर तो बॅकअप अर्धवट राहतो आणि टेप आत अडकून बसते. महावितरण ज्या वारी मेंटेनन्सला लाइट बंद ठेवते त्या दिवशी बॅकअप लावूच नका.

बॉक्सवर ३० टीबी लिहिलंय, मग १२ च का मावलं

याच्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात म्हणून नीट सांगतो. एलटीओ-८ टेपची खरी जागा १२ टीबी आहे. ३० हा आकडा डेटा अडीच पट दाबला (कॉम्प्रेस केला) जाईल असं गृहीत धरून छापलेला असतो. टॅलीचा डेटा, डेटाबेस, टेक्स्ट फाइली दाबल्या जातात, त्यांच्यात फायदा होतो. पण लग्नाचे व्हिडिओ, जेपीजी फोटो, झिप, स्कॅन केलेल्या पीडीएफ हे आधीच दाबलेलं असतं, ते अजून दाबलं जात नाही. फोटो स्टुडिओवाल्यांनी आणि एडिटिंगवाल्यांनी १२ च धरून टेपा मागवाव्यात.

वेळेचंही तसंच. आमचा हा अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला जास्तीत जास्त ३०० एमबी लिहितो, म्हणजे एक टीबीला तासाभरापेक्षा थोडं कमी, आणि पूर्ण टेप भरायला अकरा तासांच्या वर. पण हे कधी, तर समोरून तेवढ्या वेगाने डेटा आला तर. ऑफिसमधलं साधं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११० एमबीच्या आसपास देतं, आणि त्याच्यावर हजारो बारक्या फाइली असतील तर त्याच्याही खूप खाली येतं. टेपला हे मानवत नाही. ड्राइव्ह आपला वेग थोडा कमी करून जुळवून घेतो पण एका मर्यादेखाली गेलं की त्याला टेप थांबवावी लागते, मागे न्यावी लागते, परत पुढे पळवावी लागते, बूट पॉलिश करताना कापड मागेपुढे करतात ना तसं, इंग्रजीतही त्याला शू शायनिंगच म्हणतात. कान देऊन ऐकलं तर कळतं, सलग घुरघुर यायच्या ऐवजी थांबून थांबून आवाज येतो. असं रोज झालं तर टेपही झिजते आणि हेडही. उपाय एकच, सगळ्या कॉम्प्युटरांवरचा डेटा आधी सर्व्हरच्या स्वतःच्या फास्ट डिस्कवर गोळा करा, जमलं तर बारक्या फाइलींची एक मोठी फाइल करून, आणि तिथून टेपवर सोडा.

कुठलं सॉफ्टवेअर

विंडोज सर्व्हरमध्ये जे बॅकअप फुकट येतं ते टेपवर लिहीत नाही, २००८ च्या सर्व्हरपासून ती सोयच काढून टाकलीये. म्हणून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. सर्व्हर, व्हर्च्युअल मशीन (एका सर्व्हरवर चालणारे अनेक आभासी कॉम्प्युटर), डेटाबेस असलेल्यांनी वीम किंवा बॅक्युलासारखं काहीतरी घ्यावं, कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे याची यादी ते स्वतः ठेवतं. त्या यादीचाही बॅकअप घ्या.

ज्यांना नुसत्या फाइली साठवायच्यात त्यांच्यासाठी एलटीएफएस (टेपवर सरळ फाइली आणि फोल्डर ठेवायची पद्धत) सोपं पडतं. टेप पेनड्राइव्हसारखी दिसते, ओढून टाकायच्या फाइली. पण ती पेनड्राइव्ह नाही. टेपवरची फाइल डबल क्लिक करून तिच्यावरच काम करत बसू नका, जवळजवळ एक किलोमीटर लांबीची पट्टी आहे ती, एका टोकाची फाइल शोधायला मिनिट मिनिट लागतं. फाइल डिलीट केली तरी जागा परत मिळत नाही, पूर्ण टेप परत फॉरमॅट केली तरच मिळते. आणि टेप काढताना आधी सॉफ्टवेअरमधून इजेक्ट द्या, कारण सगळ्या फाइलींची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, ती लिहिली जायच्या आधी लाइट गेली किंवा केबल काढली तर टेप दुरुस्त करत बसावं लागतं.

लिनक्सवाल्यांना एकच सांगणं. टेपला तिथे दोन नावं असतात, एक एसटी० आणि दुसरं एनएसटी०. पहिल्या नावाने लिहिलं की काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, मग दुसऱ्या दिवशीचा बॅकअप बरोबर पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि कुठलीही एरर येत नाही. एकामागे एक बॅकअप ठेवायचे असतील तर एनएसटी० च वापरा.

पासवर्ड लावून एन्क्रिप्ट करायची (डेटा की शिवाय वाचता येणार नाही असा करायची) सोय ड्राइव्हमध्येच आहे आणि टेप ऑफिसबाहेर जाणार असेल तर जरूर वापरा, पण ती की, म्हणजे तो पासवर्ड, कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. की हरवली तर तो डेटा आम्हीच काय कुणीच काढू शकत नाही.

रोजचं काम

टेप घालताना हलक्या हाताने घाला, अर्ध्यापुढे ड्राइव्ह स्वतः ओढून घेतो, ढकलू नका. एका बाजूला बारकी सरकपट्टी असते, ती लॉकवर असेल तर लिहिता येत नाही, बॅकअप झाला की ती लॉकवर सरकवायची सवय लावा. नावाचं लेबल त्याच्यासाठी दिलेल्या खाचेतच चिकटवा, दुसरीकडे लावलेला स्टिकर सुटला की आत जाऊन अडकतो, आणि वहीतला कागद सेलोटेपने तर कधीच लावू नका.

टेप पडली तर तिच्या तोंडाशी जी बारीक पिन असते ती जागेवर आहे का बघा, जिला धरून ड्राइव्ह पट्टी ओढतो. सरकलेली दिसली तर ती टेप ड्राइव्हमध्ये घालू नका, आमच्याकडे पाठवा, कारण तशीच घातली तर टेपपेक्षा महाग असलेला ड्राइव्ह जातो.

टेपा किती घ्याव्यात याला आम्ही आजोबा, वडील आणि मुलगा असा हिशोब सांगतो. सोमवार ते शुक्रवार रोजची एक टेप, ती पुढच्या आठवड्यात परत वापरायची. शनिवारची टेप महिनाभर ठेवायची. महिनाअखेरची वर्षभर, आणि ३१ मार्चची लॉक करून बाजूला. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, त्यामुळे सीए ऑफिसांनी आणि कंपन्यांनी मार्चच्या टेपेला परत हात लावू नये. टॅलीचा बॅकअप घेताना सगळ्या मशीनवरचं टॅली बंद आहे ना बघा.

हेड साफ करायला वेगळी क्लीनिंग टेप मिळते. ती दर रविवारी घालायची नाही! ड्राइव्ह स्वतः मागतो, काहींवर सी अक्षर येतं, काहींवर नारिंगी दिवा लुकलुकतो, तेव्हाच घाला, काही मिनिटांत ती आपोआप बाहेर येते. उगाच सारखी घातली तर हेड घासलं जातं. एक क्लीनिंग टेप मेकनुसार १५ ते ५० वेळा चालते, प्रत्येक वेळी तिच्या लेबलवर एक रेघ मारा. क्लीनिंग केल्यावर परत लगेच तोच दिवा लागत असेल आणि ठराविक एकाच टेपेला लागत असेल तर दोष त्या टेपेत आहे, ती बाद करा.

जुन्या टेपा असतील तर लक्षात ठेवा, एलटीओ-८ ड्राइव्ह फक्त ८ आणि ७ च्या टेपा वाचतो आणि लिहितो. एलटीओ-६ च्या टेपा यात चालत नाहीत, त्यामुळे जुना ड्राइव्ह भंगारात द्यायच्या आधी आम्हाला विचारा. टेप कोरी करायला लोहचुंबक किंवा डिगॉसर (चुंबकाने टेप पुसायचं यंत्र) लावू नका, कारखान्यात लिहिलेल्या मार्गदर्शक खुणा पुसल्या जातात आणि ती टेप कायमची जाते.

टेप ठेवायची कुठे

याबाबतीत आम्ही जरा हट्टी आहोत. आमचं दुकान सांगलीत आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या दुकानात पाणी शिरलं आणि बॅकअप ज्या कपाटात होता ते सर्व्हरच्याच खोलीत होतं. दोन्ही एकाच पाण्यात गेले. बॅकअप रोज घेत होतो, काही चुकलं नव्हतं, फक्त तो त्याच छताखाली होता. २०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आला, चिपळूणही त्याच आठवड्यात बुडालं, तेव्हा आमच्या टेपा गावभागाबाहेर उंचावरच्या घरी, वरच्या मजल्यावर होत्या.

म्हणून आठवड्याची टेप शनिवारी संध्याकाळी ऑफिसबाहेर गेलीच पाहिजे. मालकाच्या घरी, दुसऱ्या शाखेत, बँकेच्या लॉकरमध्ये, कुठेही, पण एकाच पुरात किंवा एकाच आगीत दोन्ही सापडणार नाहीत अशा ठिकाणी. कुणी न्यायची त्या माणसाचं नाव ठरवून ठेवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने नेली.

बरीच वर्षं ठेवायच्या टेपेला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते, आपल्याकडे पावसाळ्यात आणि कोकणात तर याच्या कितीतरी वर जातं. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं, एवढं तरी करा, आणि टेपा त्यांच्या केसमध्ये उभ्या ठेवा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. बाहेरून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये न घालता एक दिवस ऑफिसच्या हवेत राहू द्या. भिजलेली टेप हेअर ड्रायरने वाळवायची नाही, चालू करूनही बघायची नाही, तशीच आमच्याकडे आणा.

महिन्यातून एकदा परत काढून बघा

बॅकअप यशस्वी असा हिरवा मेसेज आला म्हणजे डेटा परत मिळेल असं नाही. चुकीचा फोल्डर निवडलेला असतो, डेटाबेस उघडा असताना घेतलेला असतो, नवीन आलेल्या पोराने पाथ बदललेला असतो, आणि मेसेज मात्र रोज हिरवाच येतो. दर महिन्याला कुठलीही एक टेप उचला, त्यातला एक फोल्डर वेगळ्या मशीनवर परत काढा आणि उघडून बघा. टॅलीची कंपनी उघडली का, शेवटचं व्हाउचर त्याच तारखेचं आहे का, व्हिडिओ मध्यापर्यंत चालतो का. अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या वेळी आम्ही येऊन तुमच्या माणसासमोर करून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

अडचण आली तर फोन करायच्या आधी ड्राइव्ह बंद करू नका, डिस्प्लेवर जे अक्षर दिसतंय किंवा जे दिवे लागलेत त्यांचा फोटो काढा, कारण बंद केलं की ते जातं. टेप बाहेर येत नसेल तर बटण दाबून काही मिनिटं थांबा, आत गुंडाळली जात असते ती, चिमट्याने ओढू नका. ड्राइव्हचा मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर आहे, तो सांगितलात तर येताना बरोबर केबल आणि कार्ड घेऊन येता येतं.