कानबान कार्डे दुप्पट केल्याने उत्पादन दुप्पट होत नाही

बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत, फाउंड्री आणि मशीन शॉपच्या वर्तुळात, एक समज वारंवार ऐकू येतो, की लाइनवरची कानबान कार्डे (लाइनवर ठरावीक माल घेण्याची परवानगी देणारी कार्डे; कार्डे जितकी, तितकाच माल लाइनवर) वाढवली की उत्पादनही त्याच प्रमाणात वाढते. त्यासाठी अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाचा आधार दिला जातो: लाइनवरचा माल म्हणजे उत्पादनाचा दर गुणिले एका नगाचा लाइनवरील सरासरी काळ. नियम अचूक आहे. परंतु माल वाढल्यावर दर वाढेल की काळ, हे तो सांगत नाही. ते यंत्रांच्या क्षमतेवर आणि कामाच्या वेळेतील चढउतारांवर ठरते.

एकापाठोपाठ चार यंत्रे, प्रत्येकावर सरासरी १० मिनिटांचे काम, वेळेतील चढउतार घातांकी वितरणाप्रमाणे (बरीच कामे लवकर, पण काही फार उशिरा संपणारी) आणि एका कार्डामागे एक नग, अशा बंद लाइनचे (एक नग बाहेर पडला की लगेच दुसरा आत) गणित मांडले, तर १२ कार्डांवर ताशी ४.८ नग निघतात आणि प्रत्येक नगाला सरासरी अडीच तास लागतात. कार्डे २४ केल्यास उत्पादन जेमतेम ५.३ पर्यंत जाते, मात्र तो काळ साडेचार तासांवर पोहोचतो. ताशी ६ ही यंत्रांचीच मर्यादा आहे.

कार्डे शक्य तितकी कमी करण्याचा उलट सल्लाही मला तितकाच घातक वाटतो, कारण ४ कार्डांवर यंत्रे मालाविना थांबतात आणि हीच लाइन ताशी सुमारे ३.४ नगांवर येते. ज्या कारखान्यात सेटिंगला कधी कमी, कधी जास्त वेळ लागतो किंवा बिघाड वारंवार होतात, तिथे आधी ते सुधारावे; काम दर वेळी तंतोतंत १० मिनिटांचे असते, तर याच ४ कार्डांवर ताशी पूर्ण ६ नग निघाले असते.