पावडर कोटिंग केलं म्हणजे गंज संपला?

जुनी अँबॅसेडर पुन्हा उभी करताना हमखास मिळणारा सल्ला: "सस्पेन्शनचं सगळं पावडर कोटिंग करून टाका, जन्मात गंज धरणार नाही." अर्धसत्य आहे हे. रंगाची कोरडी भुकटी फवारून भट्टीत वितळवलेला, साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा तो थर कडक असतो खरा. पण खडी उडून एकदा टवका गेला की पाणी आत शिरतं. वरून चकचकीत, खाली लोखंड कुजतंय. दिसत नाही, हीच गोम. इपॉक्सी प्रायमरवर (लोखंडाला घट्ट धरणारा रंगाखालचा पहिला थर) साधा काळा चेसिस पेंट मारला, तर ओरखडा लगेच दिसतो आणि ब्रशने दुरुस्तही होतो.

मागच्या कमानपाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पानं एकमेकांवर घासतात. तिथे कुठलाच जाड थर टिकत नाही, ग्राफाइट ग्रीस हवं. बोल्ट बसतात त्या जागा कोऱ्या ठेवा, नाहीतर थर दबून बोल्ट ढिले पडतात. भट्टी १८०-२०० अंशांची, म्हणजे रबरी बुश (सांध्यांत बसवलेली रबरी नळकांडी) आधी काढायचेच.

झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा? लहान ब्रॅकेटना उत्तम. पण त्या प्रक्रियेत स्प्रिंगच्या कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. लगेच काही तास भाजलं नाही, तर ते अचानक तुटू शकतं. पुढच्या टॉर्शन बारला (पिळून स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी) मी तरी हा प्रयोग करणार नाही.