एडिस डास औषधाला दाद का देत नाही: डीडीटीपासूनची पार्श्वभूमी

डेंगीचा रुग्ण सापडला की गल्लीत धूर फवारणीचे यंत्र फिरते आणि घराघरांतल्या पिंपांत अळ्या मारणारे अ‍ॅबेट टाकले जाते. महाराष्ट्रातल्या गावा-शहरांना हे काम नवे नाही. पण त्या धुराने आणि त्या औषधाने तिथला डास खरोखर मरतो का, याची तपासणी फार कमी ठिकाणी होते. डेंगी, चिकुनगुन्या, झिका आणि पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती गेली सत्तर वर्षे एकेक औषध पचवत आला आहे.

डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला शोधला. १९४७ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांनी एडिस इजिप्तीचे समूळ उच्चाटन करायची मोहीम हाती घेतली. पद्धत कडक होती: पाणी साचेल असे प्रत्येक भांडे आतून-बाहेरून आणि त्याच्या भोवतालची भिंत डीडीटीने भिजवायची. १९५८ मध्ये ब्राझील एडिसमुक्त जाहीर झाला, १९६२ पर्यंत असे १८ देश झाले. पण मोहीम सुरू झाली त्याच वर्षी फ्लोरिडाच्या खारपट दलदलीतले एडिसच्या दुसऱ्या जातींचे डास डीडीटीने मरेनासे झाले होते, आणि १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्रिनिदादमध्ये खुद्द एडिस इजिप्तीत प्रतिकार दिसला. पुढे निधी आटला, लक्ष उडाले आणि मुक्त झालेल्या देशांत डास परत शिरला. १९८१ मध्ये क्यूबात डेंगीचे ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले, १५८ जण दगावले.

डीडीटी गेले, पण त्याने मागे ठेवलेली खूण गेली नाही. डीडीटी कीटकाच्या मज्जातंतूतल्या सोडियम वाहिनीला चिकटते. ही वाहिनी उघडी राहिली की डास तडफडून खाली पडतो. वाहिनीच्या प्रथिनातला एखादाच अमिनो आम्लाचा दुवा बदलला तर औषध नीट चिकटत नाही. या प्रकारच्या प्रतिकाराला ‘केडीआर’ (नॉकडाउन रेझिस्टन्स, म्हणजे औषधाने खाली न पडणे) म्हणतात. १९५१ मध्ये तो घरमाशीत नोंदला गेला. १९७०च्या दशकात परमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन आली, आणि पायरेथ्रॉइड गटाकडे नवे शस्त्र म्हणून पाहिले गेले. ही औषधे मात्र त्याच वाहिनीवर काम करतात. म्हणजे डीडीटीने निवडून ठेवलेले डास पायरेथ्रॉइडलाही काही अंशी तयारच होते. दिल्लीच्या एडिसमध्ये या वाहिनीत १५२० आणि १५३४ या जागांवर बदल सापडले आहेत. याखेरीज डासाच्या शरीरातली विकरे (एन्झाइम; उदा. एस्टरेज, पी-४५०) वाढून औषध लक्ष्यावर पोचण्याआधीच ते फोडून टाकतात, हा दुसरा मार्ग. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकत्र असतात.

एकाच औषधावर भिस्त ठेवली की काय होते, हे मेक्सिकोत स्पष्ट दिसले. तिथे फवारणीसाठी जवळजवळ दशकभर परमेथ्रिनच वापरले गेले. सोडियम वाहिनीतल्या १०१६ क्रमांकाच्या जागेवरचा बदल १९९६ ते २००० या काळात गोळा केलेल्या डासांत जवळपास नव्हता. २००७ ते २००९ च्या डासांत काही ठिकाणी त्याचे प्रमाण ८८ टक्क्यांवर गेले. इतक्या वेगाने पसरलेला बदल परत खाली आणायला मात्र फार वेळ लागतो.

ब्राझीलने १९९९ मध्ये प्रतिकारावर देशभर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. टेमेफॉस, म्हणजे आपल्याकडचे अ‍ॅबेट, अळ्यांवर कमी पडत असल्याचे त्यातूनच कळले. मग प्रौढ डासांसाठी पायरेथ्रॉइड आणली, तर काही वर्षांत त्यांनाही प्रतिकार. पुढे अळ्यांसाठी कात टाकण्यात आणि वाढीत अडथळा आणणारी डायफ्लुबेन्झुरॉन, पायरिप्रॉक्सिफेन ही औषधे आणावी लागली. साओ पाउलो राज्याने सार्वजनिक फवारणीतून पायरेथ्रॉइड लवकर काढून टाकली, तरी वर्षानुवर्षे प्रतिकार उतरला नाही. संशयाचे बोट घरगुती फवाऱ्यांकडे जाते. आपल्या घरातल्या डास पळवणाऱ्या कॉइल, लिक्विड आणि स्प्रेच्या डब्यावरचे घटक वाचले तर तिथेही ट्रान्सफ्लुथ्रिन, प्रॅलेथ्रिन, सायफेनोथ्रिन अशी याच गटातली नावे सापडतात. नगरपालिकेने गट बदलला तरी घराघरांत रात्रभर जुन्याच गटाचा दाब चालू राहतो, आणि हा हिशेब कुठल्याच योजनेत धरलेला नसतो.

प्रतिकार वाढवणाऱ्या चुका बहुतेक वेळा पिंपापाशी होतात. पिण्याच्या पाण्यात टेमेफॉसची मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम आहे. १ टक्क्याची वाळूमिश्रित दाणेदार भुकटी असेल तर १०० लिटरला १० ग्रॅम, २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम, हजार लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम. अंदाजाने चिमूटभर टाकले की मात्रा निम्म्यावर येते. वास येतो म्हणून घरचे लोक पाणी ओतून देतात, त्याबरोबर तळाची वाळूही जाते. पिंप रोज उपसून रोज भरले जात असेल तर औषध ठरलेल्या मुदतीच्या खूप आधीच विरते. अशा अर्धवट मात्रेत प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या अळ्या वाचतात. पूर्ण मात्रेत त्यातल्या बऱ्याचशा मेल्या असत्या. पुढच्या पिढीत दोन प्रती असलेले डास वाढतात आणि मग पूर्ण मात्राही पुरत नाही. धुराचेही तेच. एडिस पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांच्या मागे, कपाटाआड बसतो. रस्त्यावरून गेलेला धूर तिथपर्यंत पोचतो तो पातळ होऊन.

प्रतिकार आहे की नाही हे ठरवायची जागतिक आरोग्य संघटनेची नळी चाचणी अवघड नाही. ३ ते ५ दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या घ्यायच्या, एका नळीत २५, अशा चार नळ्या औषधाच्या कागदाच्या आणि सोबत बिनऔषधाच्या नळ्या. संपर्क एक तास, मोजणी २४ तासांनी. ९८ टक्के किंवा जास्त मेल्या तर डास संवेदनक्षम, ९० च्या खाली आले तर प्रतिकार नक्की, मधले असतील तर चाचणी पुन्हा. बिनऔषधाच्या नळीत २० टक्क्यांहून जास्त मेल्या तर सगळी चाचणी बाद. इथली सर्वांत घातक चूक कागदाची आहे. मलेरियाच्या अ‍ॅनोफिलीससाठी परमेथ्रिनचा कागद ०.७५ टक्क्याचा असतो. एडिससाठी २०१६ च्या सूचनांत तो ०.२५ टक्क्याचा होता. कपाटात पडलेला मलेरियाचा कागद एडिसवर वापरला तर तिप्पट मात्रेने डास मरतात आणि अहवालात ‘प्रतिकार नाही’ असे येते. प्रतिकार ठरला की पाचपट आणि दहापट मात्रेचे कागद लावून त्याची तीव्रता पाहायची. पिपेरोनिल ब्युटॉक्साइड या विकरांना रोखणाऱ्या रसायनाचा कागद आधी तासभर दिला आणि मग डास मरू लागले, तर विकरांचा हात आहे असे समजायचे.

औषध बदलताना नाव पाहून भागत नाही, गट पाहावा लागतो. टेमेफॉस आणि धुरातले मॅलेथिऑन दोन्ही ऑर्गनोफॉस्फेट या एकाच गटातली. पाण्यात एक आणि धुरात दुसरे वापरले तर अळी आणि डास दोघांवर एकाच गटाचा दाब येतो. म्हणून अळीला एक गट, प्रौढाला दुसरा, आणि चाचणीच्या निकालावरून ठरावीक काळाने अदलाबदल, ही रीत. बीटीआय हा जिवाणू अळीच्या आतड्यावर निराळ्याच मार्गाने काम करतो, म्हणून फेरपालटीत त्याला मोल आहे. आणि आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे भांडी रिकामी करून सुकवणे, आणि पिंपाचा काठ घासणे हेही हवे, कारण अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी असताना महिनोन्‌महिने टिकतात. घासणीला डास प्रतिकार करू शकत नाही. माझ्या मते या कामाला फवारणीच्या आधीची जागा हवी.

२०२२ मध्ये कंबोडिया आणि व्हिएतनामच्या एडिसमध्ये याच सोडियम वाहिनीतला ९८२ क्रमांकाचा बदल जाहीर झाला. १५३४ च्या बदलासोबत तो आला की पायरेथ्रॉइडविरुद्धचा प्रतिकार शेकडो पटींनी वाढतो. नव्या उपायांनाही या इतिहासाची झळ बसते. ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोतल्या ट्युबियाकांगात वोल्बाकिया हा डासाच्या अंगात डेंगीचा विषाणू वाढू न देणारा जिवाणू असलेले डास सोडले गेले. ते प्रयोगशाळेतले, औषधाने मरणारे होते. सोडणे चालू असताना त्यांचे प्रमाण ६५ टक्क्यांपर्यंत चढले, थांबवल्यावर कोसळले, कारण घरोघरच्या फवाऱ्यांत स्थानिक डास टिकत होते आणि हे मरत होते. मग त्या डासांचा स्थानिक डासांशी संकर करून केडीआर त्यांच्यात उतरवले, आणि दुसऱ्या वेळी वोल्बाकिया तिथे रुजला.